सव्वाशे मिलिमीटर

मोटारसायकल चालवायला उंची लागत नाही. उंची लागते ती थांबायला. ताशी ऐंशीने जाणारा माणूस पाच फूट दोनचा आहे की सहा फुटी, हे वाऱ्याला कळत नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं. सिग्नल लाल झाला की मात्र सगळं उघडं पडतं. आजूबाजूचे लोक दोन्ही पाय रस्त्यावर सोडून, एक हात मांडीवर टाकून, दुसऱ्या हाताने मोबाईल बघत निवांत उभे असतात. मी तेवढ्या वेळात जमीन शोधत असतो.

माझी उंची पाच फूट अडीच इंच. लग्नाच्या बायोडेटात ती पाच फूट पाच होती. आईने लिहिली होती, आणि तिच्या मते त्यात खोटं काही नव्हतं. ती केसांसकट होती. (केस तेव्हा होते.) मुलगी बघायला गेलो तेव्हा मी जाड टाचेचे बूट घातले होते, आणि मुलीकडच्यांनी दारातच सांगितलं, "बूट इथेच काढा हं." तेव्हापासून जमिनीचं आणि माझं फारसं जमलेलं नाही.

पन्नाशी जवळ आली की माणसाला काहीतरी होतं. कुणाला मधुमेह होतो, कुणाला अध्यात्म होतं. मला लडाख झालं. या विकारात प्रत्यक्ष लडाखला जावंच लागतं असं नाही. बहुतेक रुग्ण ताम्हिणीपर्यंत जातात, मिसळ खातात आणि परत येतात. पण टूरिंगची गाडी मात्र घ्यावीच लागते. मागे लोखंडी कॅरियर, दोन्ही बाजूंना खोकी लावायची सोय, पुढे उंच काच, आणि वजन दोनशे किलोच्या घरात.

शोरूममध्ये गाडी दाखवताना सेल्समन हँडल धरून उभा असतो. ते अदबीने, असा माझा समज होता. गाडी ताब्यात देताना त्यांनी तिला हार घातला, मला पेढा दिला आणि आमचा फोटो काढला. फोटोत मी गाडीवर बसून विजयी मुद्रेने हसतोय आणि माझ्या कमरेमागून एक परका हात येऊन सीट घट्ट धरून बसलाय. हा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, "हा हात कुणाचा हो?" बायको सांगते, "गाडीबरोबर मिळाला होता. नंतर परत घेतला त्यांनी."

या धंद्यात सीटची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. कारण उघड आहे. 'दोन फूट साडेआठ इंच' म्हटलं की गिऱ्हाईक लगेच आपल्या कमरेकडे बघेल. ८२५ मिलिमीटर म्हटलं की ते मायलेज विचारतं. आता हे आकडे मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. अव्हेंजर ७३७, ॲक्टिव्हा ७६५च्या आतबाहेर, स्प्लेंडर ७८५, बुलेट ८०५. इथपर्यंत माणसांची वस्ती. त्यापुढे हिमालयन ४५०, सीट ८२५, आणि हवी असल्यास ८४५ करायची सोय. ही सोय मागणारे लोक कोण असतात आणि ते घराच्या दारातून आत कसे येतात, देव जाणे. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर आली ती ८५५ घेऊन. एक्सपल्सचा प्रो अवतार ८९१. आमच्या स्वयंपाकघरातला ओटासुद्धा त्याहून बुटका आहे, आणि त्या ओट्यावर बसून फरशीला पाय टेकवणारा माणूस अजून आमच्या घराण्यात जन्माला यायचाय.

माझ्या गाडीचं नाव सांगत नाही. तिची काही चूक नाही. तिची सीट ८२५वर आहे, म्हणजे असायला हवी तिथेच आहे. कमी आहे ते खाली.

या गाड्या इतक्या उंच का, तर वाळवंटामुळे. १९७८च्या डिसेंबरात पॅरिसहून डकारला पहिली शर्यत निघाली. सहारातून गाडी हाणायची म्हणजे चाकाला वरखाली व्हायला चांगली वीतभर जागा हवी. चाक वीतभर वर येणार, म्हणून मडगार्ड वर, इंजिन दगडांना लागू नये म्हणून तेही वर, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सीट. १९८०मध्ये बीएमडब्ल्यूने त्याच थाटाची आर ८० जी/एस बाजारात आणली आणि हळूहळू जगभरच्या लोकांना वाटायला लागलं, की दुधाची पिशवी आणायलाही सहाराची तयारी असलेली बरी. भारतातल्या पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास. तिकडे वाळूत कुणाची तरी हौस झाली, आणि इकडे स्वारगेटच्या सिग्नलला अर्धा देश चवड्यांवर उभा आहे.

त्याच शर्यतीने मला एक देवही दिला. गास्तों राहिये. बेल्जियमचा माणूस, मोटोक्रॉसमध्ये १२५ सीसी गटाचा तीनदा जगज्जेता, आणि १९८४ व १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षं बीएमडब्ल्यूवरून पॅरिस-डकार जिंकलेला. आणि बुटका! त्या भल्यामोठ्या टाकीच्या गाडीवर बसल्यावर त्याचे पाय धड टेकत नसत. तो म्हणे गाडी चालती करायचा, तिच्याबरोबर चार पावलं धावायचा आणि उडी मारून वर बसायचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी नाही असं बघून मी गाडीच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि चार पावलं धावलो. गाडी पाचवं पाऊलही धावली. सहावंही. उडीचा मुद्दा बाजूलाच राहिला आणि गाडी पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या जास्वंदीत शिरून थांबली. वॉचमन पळत आला.

"साहेब, पडलात का?"

"नाही."

"मग गाडी एकटीच कुठं निघाली होती?"

'डकारला' असं सांगायचा मोह मी आवरला.

मग मोजमापाकडे वळलो. या कामात एकूण उंचीला फारसा अर्थ नसतो; बघायचं ते पायाचं आतलं माप, शिंपी पँटसाठी घेतो ते. ते घरी घ्यायची पद्धत अशी: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पक्क्या बांधणीचं जाडजूड पुस्तक दोन पायांमध्ये धरून वर दाबायचं, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत कुणालातरी मोजायला लावायचं. आमच्या घरात तेवढं जाड पुस्तक एकच, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. सासऱ्यांनी लग्नात दिलेला. मी तो कोश त्या अवस्थेत धरून भिंतीला चिकटलेलो, बायको टेप घेऊन जमिनीवर बसलेली, आणि नेमके सासरे आत आले. ते मराठीचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी आधी कोशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कोशाकडे.

"१८५७ची आवृत्ती ना ही?" त्यांनी विचारलं.

"हो. पुनर्मुद्रण आहे."

"तेवढंच समाधान," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

माप भरलं ७०० मिलिमीटर. ८२५ वजा ७००. सव्वाशे. पाच इंच जवळजवळ. जमीन माझ्यापासून फक्त पाच इंच दूर होती, आणि मला आयुष्यात कुठलीही गोष्ट इतकी दूर वाटली नव्हती.

अर्थात हा हिशेब कागदावरचा. बुटाचा सोल थोडं देतो, पाय फाकल्याने थोडं जातं, आणि मुख्य म्हणजे माणूस बसला की गाडी आपल्या स्प्रिंगवर दबते. हे मला मेकॅनिकने समजावलं. त्याने मला गाडीवर बसवलं आणि मागे जाऊन वाकून बघितलं.

"बसा की साहेब."

"बसलोय."

"नाही, पूर्ण वजन टाकून बसा."

"पूर्णच टाकलंय."

त्याने वजन विचारलं. मी छप्पन्न सांगितलं. तो मनापासून हळहळला. "ही स्प्रिंग दोन माणसं आणि सामान धरून बनवलेली असते, साहेब. तुम्ही तिच्या हिशेबातच नाही." म्हणजे सहा फुटी, नव्वद किलोचा माणूस बसला, की गाडी त्याच्यासाठी आणखी दोन बोटं खाली येते. त्याला गरज काय? आणि ज्याला गरज आहे त्याच्या खाली ती ताठ. बँकेचं कर्जही याच तत्त्वावर मिळतं.

मेकॅनिकने पान्याने स्प्रिंग होती तेवढी सैल करून दिली. फरक पडला, पण तो मला नाही, गाडीला. ती खड्ड्यातून गेल्यावर बराच वेळ त्याच विषयावर बोलत राहायची.

यानंतर सल्लागार आले. बुटक्या माणसाला गाडीबद्दल सल्ला देणारे लोक नेहमी उंच असतात. माझा एक मित्र सहा फूट एक इंच आहे. तो माझ्या गाडीवर बसला, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवले, गुडघे वाकवून वर एक झोका घेतला आणि म्हणाला, "उंचीचा काहीएक संबंध नाही रे. सगळं टेक्निक आहे." टेक्निक असं: थांबताना सीटवरून डावीकडे सरकायचं, एकच कुल्ला सीटवर ठेवायचा, डावा पाय पक्का टेकवायचा आणि उजवा ब्रेकवर. हे खरंही आहे, जगभरचे बुटके स्वार असंच करतात. पण ज्या देशात ही युक्ती निघाली तिथे रस्ता सगळीकडे असतो. मी कर्वे रस्त्यावर डावीकडे सरकलो, डावा पाय ऐटीत खाली सोडला, आणि तिथे खड्डा होता.

दोनशे किलोची गाडी एकदम पडत नाही. ती आधी कलते. मग तुम्ही तिला धरता. मग ती तुम्हाला धरते. मग दोघं मिळून, घाई न करता, खाली येता. मधे इतका वेळ असतो की शेजारच्या रिक्षावाल्याला धावतं समालोचन करता आलं. "काका, चालली... चालली... पाय घ्या... पाय घ्या... गेली." मग त्यानेच उतरून उचलायला मदत केली आणि जाताना आस्थेने विचारलं, "मुलाची आहे का गाडी?"

तेव्हा ठरवलं, की आता मी बदलणार नाही, गाडी बदलेल. नाना पेठेत सीटवाल्यांची दुकानं आहेत. तिथल्या एका चाचांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि काही न विचारता सीट उचकटली. कव्हर काढून लांब सुरीने ते फोम सोलायला लागले. 

"किती काढू?"

"किती निघेल?"

"पत्रा लागेपर्यंत निघेल."

आम्ही इंचभरावर तडजोड केली. वर दोन्ही कडाही तासून घेतल्या, कारण सीट रुंद असली की मांड्या बाहेर ढकलल्या जातात आणि पाय खाली जायच्याऐवजी बाजूला जातात. चाचांचं काम सुबक. घरी येताना मी सिग्नलला दोन्ही पायांची बोटं टेकवली आणि डोळे भरून आले. ते आनंदाने आले असं मला वाटलं. पुढच्या खेपेला तळेगावपर्यंत गेलो तेव्हा कळलं, की ते बैठकीमुळे आले होते. इंचभर फोम हा निरुपयोगी भाग नसतो. तो माणूस आणि लोखंड यांच्यातला शेवटचा गैरसमज असतो.

मग त्यावर उपाय म्हणून जेलची गादी आणली. उत्तम गादी. बसल्यावर काही म्हणजे काही टोचत नाही. जाडी एक इंच. म्हणजे चाचांना पैसे देऊन काढलेला इंच मी गादीवाल्याला पैसे देऊन परत बसवला होता. बायकोने हा व्यवहार शांतपणे ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "मधे थोडा वेळ मजा आली ना?"

वरून जमत नाही तर खालून वाढवू, म्हणून चर्मकारकाकांकडे गेलो. त्यांनी बुटांना आणखी एक इंचाचा सोल चिकटवून, वर शिलाई मारून दिली. "पावसातसुद्धा निघायचा नाही," म्हणाले, आणि खरंच निघाला नाही. पाय टेकायला लागले. पण पहिला गिअर टाकून निघालो आणि दुसरा टाकायला बुटाचं टोक गिअरच्या दांड्याखाली घालू गेलो, तर ते जाईना. दांडा आणि फूटरेस्ट यांच्यात जागा असते माणसाच्या पायाएवढी. माझा पाय आता इमारतीएवढा झाला होता. पहिल्या गिअरमध्ये सोसायटीपासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत जाऊन आलो. मला एक गणपतीची मिरवणूक सोडली तर कुणी आडवं आलं नाही, आणि ती मिरवणूकही माझ्या पुढे निघून गेली.

राहता राहिलं लोअरिंग किट. मागच्या एकुलत्या शॉकअपला चाकाशी जोडणारी एक छोटी पट्टी असते, लिंक म्हणतात तिला. ती काही मिलिमीटर लांब घातली, की मागची बाजू त्याच्या दुप्पट-तिप्पट खाली येते. मी घालून घेतली. सोसायटीतले एक निवृत्त अधिकारी, ज्यांच्याकडे दुचाकी कधीच नव्हती, ते मुद्दाम खाली आले. 

"मोटार वाहन कायदा १९८८. कलम ५२. वाहनात फेरफार."

"अहो, थोडीशी खाली घेतलीय फक्त."

"थोडीशीच का होईना, फेरफार तो फेरफार. लोकांना उंची मान्य करायची नसते, त्याला कायदा काय करणार?" असं म्हणून त्यांनी आपल्या टोपीखालचे रंगवलेले केस नीट केले.

लिंकचं असं आहे, की ती एकटी येत नाही. मागून गाडी बसली आणि पुढून वर राहिली, तर हँडल आळशी होतं. वळणावर गाडी आधी विचार करते, मग वळते. म्हणून पुढचे दोन्ही पाइप सैल करून, तेवढेच वर सरकवून, परत आवळावे लागतात. ते केलं, पण मधल्या आठवड्यात, म्हणजे मेकॅनिक गावी गेला होता तेव्हा, गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट आभाळात. मी रात्री फाटकातून आत आलो की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरात लख्ख उजेड पडायचा. त्यांनी दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, की रोज साडेनऊच्या सुमारास होतं. चौथ्या दिवशी तिथे चार बायका हात जोडून बसल्या होत्या. मेकॅनिक परत आल्यावर पुढचे पाइप सरकवले आणि हेडलाइट खाली घेतला, तर आजींचा माझ्यावर राग.

साइड स्टँड तर मी विसरूनच गेलो होतो. गाडी खाली आली पण स्टँड होता तेवढाच राहिला. त्यामुळे लावलेली गाडी डावीकडे रेलायच्याऐवजी जवळजवळ सरळ उभी, आणि जराशी झुळूक आली की उजवीकडे. पार्किंगमध्ये उजवीकडे ओळीने स्कूटर होत्या. त्यांची नावं आणि मालकांची तेव्हाची वाक्यं इथे देत नाही. वेल्डरकडे जाऊन स्टँड कापून आणला. वेल्डर हात राखून काम करणारा नव्हता. आता गाडी इतकी डावीकडे रेलते, की येणारेजाणारे तिला सरळ करून जातात.

एवढ्या उपद्व्यापाने सीट आली बरीच खाली, आणि सीटबरोबर आलं गाडीचं पोट. स्पीडब्रेकर कसा असावा याचा इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे: गाडीच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर. आमच्या भागातले स्पीडब्रेकर ज्याने बांधले त्याने दोन्ही आकडे नीट वाचले होते, फक्त अदलाबदल केली. सहाराच्या खडकांसाठी बनवलेली गाडी आता प्रत्येक सोसायटीच्या दारात पोट घासून 'कर्रर्र' करते. तो आवाज ऐकून आमचा कुत्रा दारात येतो. मी येतोय हे त्याला आता चार स्पीडब्रेकर आधी कळतं.

एका गोष्टीचं श्रेय मात्र मला द्यायला हवं. हे शहर माझ्याइतकं बारकाईने कुणी बघितलं नसेल. इतर लोकांना सिग्नलला मुलगी दिसते, जाहिरात दिसते, भेळ दिसते. मला दगड दिसतो. कुठल्या चौकात डाव्या हाताला फुटपाथची कड पुरेशी उंच आहे, कुठे दुभाजकाचा तुकडा पडलाय, कुठे केबलवाल्यांनी खणून मातीचा उंचवटा ठेवलाय, याचा माझ्या डोक्यात नकाशा आहे. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात, पाणी वाहून जावं म्हणून. पाणी जात नाही, पण माझा डावा पाय आणखी इंचभर लटकतो. म्हणून मी कडेच्या उतारावर कधी थांबत नाही. थांबलो तर थेट फुटपाथला टेकून. मागे महापालिकेने एका चौकातला फुटपाथ खणून समपातळीत आणला, तेव्हा सगळे खूश होते. मी आठवडाभर त्या रस्त्याने गेलो नाही.

पेट्रोल पंपावर "उतरा" म्हणतात. अगदी सहज म्हणतात; त्यांना त्यामागचा सोहळा माहीत नसतो. मागे रेटून गाडी काढणं तर मी सोडूनच दिलंय. चवड्यांवर बसून दोनशे किलो मागे जात नाहीत. मी गाडी अशीच लावतो की पुढूनच निघेल, आणि तशी जागा नसेल तर ज्याच्याकडे गेलो त्याच्याकडे मुक्काम करतो.

शेवटी मार्ग सापडला तो मावळात. कामशेतच्या बाजूला एका शेतकऱ्याकडून दरवर्षी इंद्रायणी तांदूळ आणतो. या वेळी गाडी घेऊन गेलो. पोतं बांधताना शेतकरीदादा तांदळाची कुळकथा सांगत होते. आंबेमोहोर वासाला राजा, पण उंच वाढतो. वारा-पाऊस आला की आडवा. फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ नावाचं बुटकं वाण काढलं होतं, ते वाऱ्याला दाद देत नाही. आंबेमोहोर १५७ आणि हा बुटका, यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात इंद्रायणी झाला.

"म्हणजे बुटक्यामुळे तो उभा राहिला?" मी विचारलं.

"मग! उंच असून काय करायचं, लोळायचं?"

मी पंधरा किलो घेणार होतो, तीस घेतला. कॅरियरवर दोरीने आवळला आणि निघालो. तळेगावच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, मी थांबलो, सवयीने दगड शोधायला लागलो, आणि लक्षात आलं की माझ्या दोन्ही टाचा जमिनीवर आहेत. चवडे नाही, टाचा. स्प्रिंगला अखेर तिच्या लायकीचं वजन मिळालं होतं. रांग सुटली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी मी हललो नाही. मी मांडीवर हात टाकून मोबाईल बघत होतो.

तेव्हापासून तांदूळ गाडीवरच असतो. घरात रोज एवढासाच लागतो. बायको डबा घेऊन पार्किंगमध्ये येते, पोत्याचं तोंड सोडते, दोन दिवसांचा काढून नेते. पण त्यामुळे झालंय असं, की जसजसा तांदूळ खाली जातो तसतशी सीट वर येते. पोतं भरलेलं असताना मी सपाट पायांचा माणूस असतो, अर्ध्यावर आलं की टाचा सुटतात. घरी कोणी जेवायला आलं की मी पोळीचा आग्रह करतो. एका काकांनी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. गणपतीत पंचवीस पानं झाली आणि गौरी जेवल्या त्या संध्याकाळी मी पुन्हा चवड्यांवर आलो.

वॉचमन म्हणाला, "साहेब, वाळू भरा की पोत्यात." पण वाळू घेऊन रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे महसूल खातं कोणत्या नजरेने बघतं, हे त्याला कुठे ठाऊक? तांदळाला पास लागत नाही. नाक्यावर हवालदाराने अडवून "यात काय?" विचारलं तर उघडून दाखवता येतो, वासही चांगला येतो. एकाने मूठभर हातात घेऊन बघितला आणि भाव विचारला.

परवा वाई सोडून पसरणी घाट चढत होतो. एका वळणावर थांबलो, टाचा टेकवून, कुणाचीही मदत न घेता. तेवढ्यात बायकोचा फोन.

"कुठे आहेस?"

"पसरणीत."

"आणि तांदूळ?"

"बरोबर आहे."

"अरे, बाबा आलेत जेवायला. मसालेभात करायचा होता मला."

"पुऱ्या कर ना. त्यांना आवडतात."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग सासऱ्यांनी फोन घेतला.

"हे बघा, तांदूळ घरी आणा. गाडीवर वजनच हवंय ना? मागे तो मोल्सवर्थ बांधा. तसाही आता तो वाचायला मला नको वाटतो."